चार डिसेंबरची फांदी

"अहो, विझवलंत की बिचाऱ्याला!"

मी दचकून वळले. ड्रेस्डेनच्या नाताळबाजारात पावसाची भुरभुर चुकवायला मी एका स्टॉलच्या छपराखाली घुसले होते, आणि माझ्या छत्रीचं पाणी नेमकं एका लाकडी बाहुल्याच्या डोक्यावर ठिबकत होतं. पोटात धूप ठेवला की तोंडातून धूर सोडणारा तो बुटका रखवालदार आता नुसताच ओला उभा होता.

"माफ करा... मी विकत घेते त्याला."

"नको. पावसाला भिणारा रखवालदार तुमच्या काय कामाचा?" स्टॉलवाला हसला. लोरेंझ त्याचं नाव. डोंगरातल्या गावातून आलेला, बाहुले स्वतः कोरणारा. "त्यापेक्षा ही घ्या. आज चार डिसेंबर, संत बार्बराचा दिवस ना!"

त्यानं बादलीतली चेरीची एक उघडीबोडकी फांदी माझ्या हातात दिली. ती पाण्यात ठेवायची, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बहरली तर घरातली मुलगी वर्षभरात बोहल्यावर चढते म्हणे. मी सत्तावीस वर्षांची, औषधाच्या दुकानात नोकरी करणारी शहाणी मुलगी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... म्हणजे, वरवर तरी. ती कशी ठेवायची ते तो समजावून सांगत होता आणि मी त्याची बोटं बघत होते.

मग रोज काम सुटलं की पाय तिकडेच वळू लागले.

"काय म्हणते फांदी?"

"झोपलीय."

"मालकिणीवर गेली वाटतं! आणि तुम्ही इथं शेजारच्या स्टॉलवरची गरम वाइन प्यायला येता, की मला बघायला?"

"वाइनलाच. तुम्ही आपले वाटेत येता."

दहाव्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. गरम वाइनचा एकच मग आम्ही आळीपाळीनं हातात धरायचो, आणि तो मला जरा जास्तच वेळ धरू द्यायचा.

बावीस तारखेला तो म्हणाला, "मार्लीस, परवा दुपारी दोनला बाजार उठतो. जानेवारीत मला काकांकडे ऑस्ट्रियाला कामाला जायचंय. पण तू म्हणालीस तर... नाही जात. येशील परवा?"

"फांदी बहरली तर येईन!" मी मान उडवून म्हटलं.

तो हसला नाही. खरं तर मला 'हो'च म्हणायचं होतं. पण स्वतःच्या तोंडानं म्हणायची भीती वाटली. ते फांदीनं म्हणावं, अशी माझी इच्छा.

चोवीसला कोट चढवून मी फांदीसमोर बसले. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, घट्ट मिटलेल्या. दोनचे टोले पडले. मी उठले नाही.

आई म्हणाली, "यंदा थंडी कुठं पडलीय? गारठा लागल्याशिवाय ती उमलत नाही, आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची असते, एवढंही कुणी सांगितलं नाही तुला?"

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, दोनदा.

तीन जानेवारीला फांदी पांढरीशुभ्र बहरली. बाजार केव्हाच उठलाय हे माहीत असूनही मी ती तशीच घेऊन धावत सुटले. चौकात एकही स्टॉल नव्हता. फरशीवर देवदाराची सुईसारखी पानं तेवढी चिकटली होती.

पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा आला. त्याच्या डाव्या हातात अंगठी होती. साखरपुडा झाला होता.

"बहरली होती," मी कशीबशी म्हणाले. "तीन जानेवारीला."

"मी सहापर्यंत थांबलो होतो. सगळे स्टॉल उतरवून झाले, ट्रकवाला ओरडत होता, तरी."

"पण फांदी—"

"मार्लीस, मी फांदीला कुठं विचारलं होतं? तुला विचारलं होतं."

त्यानं तोच बुटका रखवालदार कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. पाण्यानं त्याच्या टोपीचा रंग उडाला होता, म्हणून तो विकलाच गेला नव्हता.

आता दर चार डिसेंबरला मी त्याच्या पोटात धूप ठेवते. चेरीची फांदी मात्र पुन्हा कधी घरात आणली नाही.