लांडग्याची उसवलेली शिवण

या पोराला लाज म्हणून नाही. आठ दिवसांत चौथ्यांदा दुकानात आला, तेही भर दुपारी, अंगावर लांडग्याचं कातडं चढवून. कातडं खोटंच, पण केस इतके गळतात की मला फरशी दोनदा झाडावी लागली. समोरच्या थिएटरात लांडगा-माणसाचा सिनेमा लागलाय. त्याच्यासोबत गावोगाव फिरणारा हा नोकर. पडद्यावर लांडगा ओरडला की यानं अंधारातून लोकांच्या अंगावर झेप घ्यायची. आणि त्याचा पगार मिळतो! आम्ही मात्र चाळीस वर्षं सुईत दोरा ओवून डोळे फोडले.

पहिल्यांदा आला, तेव्हा शाळेतले एक मास्तर पँटचं माप देत उभे होते. दारात लांडगा बघून ते थेट कापायच्या टेबलावर चढले. माझी धाकटी लेक मात्र जागची हलली नाही. ओठांत टाचण्या, नजर कामावर.

"शेपटी उसवलीय," लांडगा म्हणाला.

"दिसतंय," ती दातांआडून म्हणाली. "ओढली कुणी?"

"बाल्कनीतल्या एका आजींनी. मी त्यांना घाबरवायला गेलो, तर..."

"तर?"

"ओरडलो मीच."

धाकटीच्या ओठांचे कोपरे जरासे हलले. बस, एवढंच. लांडग्यानं डोकं काढून हातात घेतलं. आत घामेजलेला, केस कपाळाला चिकटलेला एक पोरगा निघाला. आणि तो तिच्याकडे बघतच राहिला... माप घेणारी नजर मी ओळखते. ही तसली नव्हती.

आता धाकटीचं सांगते. तिचं हसणं मोठं आहे. लहानपणी ती हसली की शेजारची पोरं का हसतोय ते न विचारताच हसायची. तीन वर्षांपूर्वी तिचं एका घरी जमत आलं होतं. जेवताना ती हसली, तर त्या पोराची आई म्हणाली, "घोडी खिंकाळल्यासारखं वाटलं हो!" जमलेलं मोडलं. मोडलं ते बरंच झालं, पण तेव्हापासून माझ्या लेकीनं ओठांत टाचण्या धरल्या, त्या काम नसलं तरी काढीना. टाचण्या तोंडात असल्या की हसता येत नाही ना.

तिसऱ्यांदा कातडं आलं, तेव्हा मी चष्मा लावून बसले. फाटलेलं कापड दोरे सोडतं. इथे दोरा सरळ कापलेला... आतून, ब्लेडनं! लबाड कुठला! तोंड उघडणार, तोच दुसरी शिवण दिसली. आधीच्या वेळी धाकटीनं घातलेली. शेवटाला गाठच नाही. हलकं ओढलं तर सरसर निघून हातात. आमच्या दुकानातून आजवर कच्ची टीप बाहेर गेली नव्हती! जीव नुसता भडकला माझा. मग मी कातडं घडी करून ठेवलं आणि गप्प बसले. का, ते विचारू नका.

चौथ्या खेपेला त्यानं दोन तिकिटं पुढे केली. "मावशी, उद्या दुपारच्या खेळाला या ना. दोघी."

"मी कुणाची मावशी नाही. आणि भुताखेतांचे सिनेमे मी बघत नाही."

"अहो, हसायचा पण आहे."

"भ्यायचं की हसायचं, एक काय ते ठरव."

"तेच तर ठरत नाही," तो धाकटीकडे बघत म्हणाला. "म्हणून तर लोक येतात."

गेलो. तिला मलाच ओढून न्यावं लागलं. सिनेमातला तो लांडगा-माणूस मुळात एक गरीब कारकून. चंद्र उगवला, त्याची नखं वाढली, दात बाहेर आले. थिएटर चिडीचूप, मीसुद्धा खुर्चीचा हात धरला. आणि दार उघडून त्याची म्हातारी आई म्हणते, "न्हाणीघरात पुन्हा केस टाकलेस?" अख्खं थिएटर फुटलं! तेव्हा मला कळलं, लोकांना हे का आवडतं. नुसतं घाबरवलं तर माणूस आकसतो, नुसतं हसवलं तर तोल सांभाळून हसतो. आधी छातीत धडकी भरवून लगेच गुदगुल्या केल्या, की सांभाळायला सवडच मिळत नाही.

धाकटीलाही मिळाली नाही. तिचं ते हसणं बाहेर पडलं, सबंध, तीन वर्षांचं! पुढच्या रांगा वळल्या, तिला बघून आणखी हसल्या. रांगांमधल्या वाटेत झेप घ्यायला दबा धरून बसलेला लांडगा मात्र झेपावलाच नाही. कातड्याचं डोकं काढून हातात, नुसता उभा.

तिनं ते पाहिलं आणि तशीच उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला, साध्या शर्टात. धाकटी ट्रायलच्या पडद्यामागे. "आई, मी नाही म्हणून सांग!"

"ती नाही म्हणतेय," मी सांगितलं.

"मग त्यांना सांगा," तो पडद्याकडे बघून म्हणाला, "काल माझी झेप चुकली. मॅनेजरनं झापलं."

"माझ्यामुळेच ना?" पडदा बोलला. "घोडी खिंकाळली म्हणून..."

"तीन महिने रोज तोच सिनेमा बघतोय मी. माझं हसणं कधीच संपलं होतं. काल... अंगावर लांडगा आहे हेच विसरलो."

तो एक पाऊल पुढे आला.

"उद्या सिनेमा उतरतोय. पुढच्या गावाला जायचंय. पण इथल्या थिएटरच्या ऑपरेटरला हाताखाली माणूस हवाय... मी राहू का?"

पडदा सर्रकन सरकला. धाकटीचे ओठ मोकळे, गाल लालबुंद.

"विचारतोस काय? गाठ न मारता शिवत होते, ते काय तू जावास म्हणून?"

"म्हणजे... तूसुद्धा? आणि मी उगाच ब्लेडनं अंगठा कापून घेत होतो!"

आधी तो हसला की ती, ठाऊक नाही. काचेच्या कपाटातली बटणंसुद्धा खडखडली. मग दोघांना एकदम आठवलं, की मी इथेच बसलेय. पोराचा चेहरा पांढराफटक.

"मावशी, मी... म्हणजे तुमची परवानगी..."

मी चष्मा काढला, पुसला, त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "लांडगा म्हणून तू अगदीच कुचकामी आहेस रे. जावई म्हणून चालशील."