खडकजुईचा पाहुणा

तिची आणि राखणदाराची पहिली भेट झाली तेव्हा ती खडकावर पालथी पडलेली होती आणि तिचं नाक एका भेगेत होतं. आधी शिट्टी वाजली, मग बूट वाजले, आणि मग वरून आवाज आला.

"मॅडम, हा भाग बंद आहे. पाटी वाचता येते ना?"

"येते. तुम्ही डावा पाय उचला."

"का?"

"खाली रोप आहे."

त्यानं मुकाट्यानं डावा पाय उचलला.

"आता उजवा."

"मॅडम… दोन्ही उचलले तर मी उभा कशावर राहू?"

तिनं मान वर केली. एका पायावर, दोन्ही हात पसरून उभा असलेला तो उंच माणूस थेट बगळ्यासारखा दिसत होता. तिला हसू आवरेना. त्याला मात्र हसायचं काही कारण नव्हतं. तो त्या किनाऱ्याचा राखणदार होता आणि सकाळपासून धक्क्यावर उभा राहून शहरातल्या बीजसंग्रहालयाच्या शास्त्रज्ञांची वाट पाहत होता. शास्त्रज्ञ म्हणजे कुणीतरी पिकल्या दाढीचे गृहस्थ असणार, अशी त्याची पक्की समजूत. बोटीतून दाढी काही उतरली नाही, म्हणून तो वैतागून परत आला होता. ती तर त्याच्या नाकासमोरूनच गेली होती. हे तिनं पुढे त्याला किती वेळा ऐकवलं, त्याला गणती नाही.

ही गोष्ट जुनी आहे. फोन अजून खिशात आले नव्हते, भिंतीला टांगलेले असायचे, तेव्हाची. काळ्या कड्यांचा तो किनारा नुकताच संरक्षित झाला होता. लाटा फुटायच्या त्या खडकांवर पाणकावळे पंख वाळवत बसायचे, खालच्या कपारीत पाणमांजराचं एक कुटुंब नांदत होतं, आणि कड्याच्या समुद्राकडच्या अंगाला, जिथे बकरीसुद्धा जाणार नाही अशा भेगांत, खडकजुई फुलायची. पांढरंशुभ्र, लांब गळ्याचं फूल. दिवसभर गप्प, आणि ऊन उतरलं की असा वास सोडणार की माणसानं बोलता बोलता थांबावं.

पण त्या लांब गळ्यानंच खडकजुईचा घात केला होता. तळाशी पोचेल एवढी लांब सोंड एकाच जातीच्या पतंगाला होती आणि तो पतंग कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता. फुलं यायची, वास सोडून वाट बघायची आणि गळून जायची. बी धरायचंच नाही. म्हणून बीजसंग्रहालयाच्या साहेबांनी या शास्त्रज्ञ बाईला पाठवलं होतं. दोराला लटकून, मऊ ब्रशानं एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावायचा, म्हणजे पतंगाचं काम माणसानं करायचं. साहेबांचा नियम साधा होता. पतंग परत आलेला दिसला की हे काम त्या दिवशी बंद. मग त्या कड्यावर माणसाची सावलीसुद्धा नको.

ती दोराला लटकायची आणि वर तो दोर धरून बसायचा. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे आणखी दोर सोड. बाकीचं तोंडानं. कड्याच्या फुगवट्यामुळे त्यांना एकमेकांचा चेहरा दिसत नसे, आणि खरी गंमत तिथेच होती. माणसं समोरासमोर जे बोलत नाहीत ते चेहरा दिसत नसला की सहज बोलून जातात. शिवाय अर्धी वाक्यं वारा खायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची जबाबदारीही अर्धीच.

पहिल्या आठवड्यातच त्याला कळलं की तिला अंधाराची भीती वाटते पण उंचीची नाही. तिला कळलं की त्याची आई लवकर गेली, आत्यानं वाढवलं, आणि आत्या त्याच्यासाठी मुली बघून बघून थकली. ती त्याच आत्याच्या घरी, वरच्या खोलीत उतरली होती.

"मग एकही पसंत पडली नाही?" तिनं खालून विचारलं होतं.

"पडली की… पण ती… "

पुढचं वाऱ्यानं नेलं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्या दिवशी एकाच फुलाला तिनं दोनदा ब्रश लावला.

मोसम संपला, ती शहरात गेली, पुढच्या वर्षी परत आली. 'मॅडम'चं 'तुम्ही' झालं आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. किनाऱ्यावरची माणसं तिला 'ब्रशवाली' म्हणायला लागली. आत्या तिला 'पोरी' म्हणायची आणि पुतण्याच्या दुप्पट लोणी तिच्या पावाला लावायची. पुतण्या हे बघायचा आणि मूग गिळून बसायचा.

त्याच्या चौकीचा दिवा मात्र कधी लागत नसे. कड्यावरच्या त्या लहानशा खोलीबाहेर दिव्याचा खांब होता, पण संध्याकाळ झाली की तिथे काळोख. विचारलं की म्हणायचा, बल्ब उडालाय. तिनं त्याला चिक्कू म्हणून चिडवलं. आत्यानं तर चारचौघांत सुनावलं की सरकारी पगार खाणाऱ्याला एक बल्ब जड झाला. शेवटी तिसऱ्या वर्षी येताना तिनं शहरातून कागदात गुंडाळून एक बल्ब आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो असा घेतला की जणू कुणी दागिनाच दिला. आभार मानले, फडताळात ठेवला. दिवा तरीही लागला नाही. ती मनातून थोडी दुखावली, पण बोलली नाही. कारण बोलायच्या आणखीही गोष्टी होत्या, आणि त्याही तिनं पोटातच ठेवल्या होत्या.

त्यातली एक मोठी होती. पहिल्याच मोसमाच्या शेवटी, एका संध्याकाळी ती विसरलेला ब्रश आणायला कड्यावर गेली होती. समुद्र तांबूस झालेला, वारा पडलेला. खडकजुईच्या एका झुबक्यापुढे काहीतरी थरथरत होतं… राखाडी, अंगठ्याएवढं, हवेत जागच्या जागी उभं. त्यानं लांब सोंड उलगडली, फुलात घातली, आणि गेलं. तो पतंग होता. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर धावत जाऊन फोन लावला असता. तीही धावत आत्याच्या घरापर्यंत आली. दारात तो उभा होता, तिचं सामान धक्क्यावर न्यायला. "पुढच्या वर्षी याल ना?" एवढंच त्यानं विचारलं. आणि तिनं फोन लावला नाही. एकदा दिसला म्हणजे काही सिद्ध होत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पुढच्या वर्षी नीट बघू. पुढच्या वर्षीही तेच बजावलं. मन खाई, नाही असं नाही. पण पतंग सांगितला की किनारा संपला, आणि किनारा संपला की दोराचं वरचं टोकही संपलं.

चौथ्या वर्षी मात्र आभाळच फाटलं. ऐन बहरात पाऊस लागला तो उघडेचना. संध्याकाळी दोन घटका थांबल्यासारखा करायचा, पण तेवढ्यानं कडा वाळायचा नाही. ओल्या कड्यावर दोर टाकायची मनाई होती. ती आत्याच्या खिडकीत बसून राहायची, तो चौकीत. फुलं आली, वासही आला, आणि एकाही फुलाला तिचा ब्रश लागला नाही. साहेबांचा रोज फोन, की यंदाचं बी गेलं म्हणायचं. ती "हो" म्हणायची आणि फोन घाईनं ठेवून द्यायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. कारण बी खरंच गेलं असेल तर झाडांचं वाईट होतं, आणि गेलं नसेल तर तिचं.

ऊन पडलं तेव्हा बहर जवळजवळ सरला होता. खडक दोन दिवस वाळू दिला आणि ती खाली उतरली, बघून येते म्हणून.

पहिल्याच भेगेपाशी तिचा हात थबकला. बोंडं धरली होती. हिरवी, टपोरी, गच्च. पलीकडच्या झुबक्यालाही. त्याच्या खालच्यालाही. जिथवर नजर जात होती तिथवर खडकजुई भरून आली होती, आणि यंदा तिला माणसाचं बोटही लागलेलं नव्हतं. आता एकदा दिसला नि दोनदा दिसला म्हणायला जागा नव्हती. पतंग एकटा नव्हता, त्याचा सगळा गोतावळा परतला होता.

तिला आनंदानं रडू यायला हवं होतं. रडू आलंही, पण ते आनंदाचं आहे की कशाचं, ते तिला कळेना.

वरून त्याचा आवाज आला. "धरलं का काही?"

नाही म्हटलं असतं तर त्याला खरं वाटलं असतं, तो कुठे खाली उतरून बघणार होता? आणखी एक वर्ष मिळालं असतं. कदाचित दोन. तिनं समोरच्या बोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या झाडासाठी ती जीव टांगून लटकत होती, त्याचं सुख तिच्यासमोर होतं आणि ती ते लपवायचं कसं याचा विचार करत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"ऐकू येतंय का?" तो म्हणाला. मग तो पुन्हा बोलला, आवाज वेगळाच. "धरलं असणार. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"पतंग आहे. मी… मी पाहिलाय. दोन वर्षं होतील. संध्याकाळी चौकीपुढून जातो. दिव्यावर झडप घालून पतंग मरायला लागले, म्हणून मी दिवा बंद ठेवला. बल्ब उडालेला नव्हता."

ती दोराला धरून नुसती लटकत राहिली. खाली पाणमांजर शिंपला फोडत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?" तो म्हणाला. "बल्बचं सोडलं तर खोटं नाही बोललो. फक्त… बोललोच नाही. झाडांचं नुकसान होत असतं तर सांगितलं असतं, शपथ. मी रोज बघत होतो त्या पतंगांना. आता तू रागाव. मी दोर धरून आहे, सोडणार नाही, पण रागाव."

तिला हसू फुटलं. हसता हसता हुंदका आला आणि दोर हलायला लागला, तसा वरून घाबरून आवाज आला, काय झालं म्हणून.

"मी पण पाहिला होता," ती ओरडली. "पहिल्याच वर्षी!"

मग वारा एकदम पडला, आणि त्यानं विचारलेलं तिला स्वच्छ ऐकू आलं. "मग तू का नाही सांगितलंस?"

ती घाईघाईनं खालच्या झुबक्याकडे उतरायला निघाली. दोर दोनदा हिसकण्याऐवजी तिनं चुकून एकदाच हिसकला, आणि तो बिचारा बराच वेळ तसाच थांबून राहिला.

संध्याकाळी तिनं साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, पहिल्या वर्षीचंही. साहेब आधी चांगलेच तापले. मग बोंडांचं ऐकून विरघळले आणि शेवटी आनंदानं म्हणाले की बघ, आता तुला त्या आडबाजूला जायची गरजच उरली नाही. कडा कायमचा बंद. ती "हो साहेब" म्हणाली आणि फोन जागेवर ठेवला.

आत्या कधीच्या कोरड्या झालेल्या बश्या पुन्हा पुसत होती. तिनं एकवार पोरीकडे पाहिलं, एकवार दाराकडे, आणि अंगणातले कपडे काढायचे राहिलेत असं पुटपुटत बाहेर गेली. अंगणात दोरीवर एकही कपडा नव्हता.

दारात तो उभा होता. मध्ये कडा नव्हता, वारा नव्हता. खोलीतल्या दिव्याचा लख्ख उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि तो कानापर्यंत लाल झालेला तिला दिसत होता.

"सकाळची बोट आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे." तो आत आला. "जाऊ नकोस."

"आता इथे काम नाही मला."

"कामासाठी नकोच राहूस. माझ्यासाठी राहा." एवढं बोलून त्याचा श्वास संपल्यासारखा झाला, तरी त्यानं नजर खाली घातली नाही. "मला तू हवी आहेस. बारा महिने."

तिचे डोळे भरून आले. "हे वरून ओरडून सांगितलं असतंस, तर मला निदान तोंड तरी लपवता आलं असतं."

"म्हणूनच इथे येऊन सांगितलं."

सकाळची बोट तिच्याशिवाय गेली. शहरातली नोकरी सोडताना साहेबांनी दोनदा समजावून पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही. तिला किनाऱ्यावरच्या शाळेत काम मिळालं. लग्नात आत्यानं एवढी धावपळ केली की नवरीपेक्षा तिचेच फोटो जास्त निघाले.

कडा मात्र बंद झाला तो झालाच. नियम तिच्यासाठीही तोच, आणि राखणदाराच्या बायकोनं तो मोडायचा म्हणजे अतीच. ज्या फुलासाठी ती आली, ज्याची एकेक पाकळी तिला बोटांच्या टोकांवर पाठ होती, त्याला तिला नंतर कधीच हात लावता आला नाही. खडकजुई आता तिथे दाट फुलते. ऊन उतरलं की वास वर चौकीपर्यंत येतो, आणि तेवढा पुरतो असं ती सगळ्यांना सांगते. कधीकधी तो पुरत नाही. ते त्याला न सांगता कळतं, आणि मग तो तिच्या शेजारी येऊन बसतो.