कड्याला दिलेलं नाव

बसा असे जवळ. आणि हनुमंता, अंधारात पोरांना नावानं हाका मारणं आधी बंद कर. भूक लागली की येतील आपोआप. का म्हणतोय, ते सांगतो.

आपल्या सोनबाचा संजय तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यात कंपनीत आहे. सणाला गाडी घेऊन यायचा आणि दोन दिवसांत अख्ख्या गावाला शहाणपण शिकवून जायचा. पण माणूस वाईट नाही. पोरीवर तर त्याचा एवढा जीव, की ती शिंकली तरी याला जेवण जात नसे.

ही गोष्ट गेल्या दिवाळीतली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. सोनबानं मला माझ्याच ओट्यावर बसून सांगितली. संजयची बहीण माया गडाच्या पलीकडल्या वाडीत दिलेली. तिचा पाय मुरगळला म्हणून सणाला येता आलं नाही. तेव्हा फराळाचा डबा घेऊन हेच निघाले. सोनबा, संजय, त्याची बायको स्नेहल आणि आठ-नऊ वर्षांची शेफाली. गाडीनं जायचं तर वेल्ह्यावरून लांबचा वळसा. संजय म्हणाला, "चालत जाऊ. पोरीला गड सगळ्या अंगानं दाखवू." जाताना झकास झालं. भातं कापणीला आली होती, पोरगी बांधाबांधानं उड्या मारत होती. मायानं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि परतीच्या वाटेत दिवेलागण झाली.

माचीखालचा तो उंच कडा आहे ना, वाट त्याच्या पायथ्यानंच येते. तिथं दिवे लागल्यावर आपल्याकडं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मागं राहिलेल्याला नुसतं 'ओऽ' करायचं. गुरामागची पोरंसुद्धा पाळतात. संजय हे ऐकतच वाढला. पण पोरीला गंमत दाखवायची हौस. कड्यासमोर उभा राहिला, तोंडाशी हात धरले आणि दणकून ओरडला, "शेफालीऽऽ"

कड्यानं नाव परत दिलं. पोरगी खिदळली. "अजून, बाबा." हा पुन्हा ओरडला.

सोनबा त्याच्या अंगावर धावूनच गेला. "अक्कल गहाण ठिवलीस का रं? लेकीचं नाव देत्यात व्हय हितं?"

"आबा, नुसता आवाज आपटून येतो तो."

"म्होरं चल. आन आता एक अक्षर बोलू नगंस."

निघाले. पुढं बॅटरी घेऊन सोनबा, मध्ये स्नेहल, शेवटी शेफालीचा हात धरून संजय. थोडं चालले असतील, तोच मागून हाक आली.

"शेफाली..."

आवाज संजयचा. संजयनं तर तोंडही उघडलं नव्हतं. स्नेहल वळली. "तुम्ही बोललात?" त्यानं मान हलवली.

पुन्हा आली. आता कड्यावरून नाही. वाटेवरून.

"शेफाली, बाळा, थांब. मी मागं राहिलो."

पोरगी थांबली. मागं बघितलं. अंधार. मग हळूच तिनं आपला हात धरलेल्या माणसाकडं बघितलं. त्याचं तोंड काही दिसेना...

"बाबा मागं आहे," ती म्हणाली. "तू कोण आहेस?"

संजय तिच्यापुढं वाकला. "शेफाली, अगं मीच."

"शेफाली, अगं मीच," मागून आलं. तीच तळमळ. "त्याचा हात सोड."

तिनं हिसडा दिला. हात सुटला. पोरगी उलटी पळाली.

संजय तिच्या नावानं ओरडला. अंधारातलं तेही ओरडलं. पोरगी मध्येच उभी. आळीपाळीनं दोन्हीकडं बघत होती. मग एक पाऊल टाकलं... मागच्या आवाजाकडं...

सोनबानं संजयचं तोंड दाबलं. कानात म्हणाला, "त्ये नाव आता तुजं ऱ्हायलं न्हाई. दुसऱ्या कशानं बोलाव."

दुसरं नाव होतं. पाळण्यात असल्यापासून फक्त बापानं घेतलेलं, लाडाचं. संजय गुडघ्यावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "भिंगरी... ये माझी भिंगरी."

मागचा आवाज बंद. त्याला हे नाव ठाऊक नव्हतं.

पोरगी धावत आली, बापाच्या गळ्यात पडली. सगळ्यांनी झपाझप घर गाठलं. उंबऱ्यावर आजीनं, सरूबाईनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. दार लावलं. कडी घातली. संजय जरा हसलासुद्धा.

मग दाराबाहेर... कडीच्या अगदी जवळ...

लाडानं...

"भिंगरी..."

पोरगी बापाच्या मांडीवर होती. तिनं मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. ओठ मिटलेले होते.

उजाडताच ते पुण्याला गेले, ते पुन्हा आले नाहीत. सोनबा जाऊन येतो अधूनमधून. सांगतो, त्या घरात पोरीला कुणी हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं तरी संजय उठून जातो, खांद्याला हात लावतो. ती दचकते. त्याचं तोंड निरखून बघते. मगच उठते. एवढ्या मायेच्या बापावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कडा अजून हाक मारतो. दिवेलागणीला, आपणहून, संजयच्या आवाजात. मी ऐकलीय. त्या लाडाच्या नावानं मारतो.

गेल्या आठवड्यात मी त्या वाटेनं येत होतो. हाक आली. मी खाली मान घालून चालत राहिलो.

आणि वरून, माचीच्या अंगाकडून, एका लहान पोरीनं, शेफालीच्याच आवाजात, उत्तर दिलं...

"आले, बाबा."