कोपराची उंची

"हात काढ! हात काढ म्हणतो ना त्या मशीनवरनं!"

अण्णांच्या आवाजापाठोपाठ त्यांच्या हातातला चहाचा पेला भिंतीवर जाऊन फुटला. चाकांच्या खुर्चीत थरथरत बसलेले, संतापानं लालबुंद झालेले अण्णा… आणि समोर जमिनीवर आडवी पडलेली त्यांची पट्टा करवत! जिच्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यानं त्यांनी आयुष्यभर लोकांच्या दारा-खिडक्यांची लाकडं कापली, ती करवत त्यांच्या सुनेनं कोपऱ्यावरच्या वेल्डरला हाताशी धरून जुन्या उंच लाकडी घोड्यावरून उतरवली होती आणि आजारी गुरासारखी कुशीवर झोपवली होती. सुनेच्या हातात पाना होता आणि गालावर ग्रीसचा भलामोठा डाग.

"विकलीस ना? सांग की! भंगारवाला कधी येतोय?"

"विकली नाही, अण्णा. स्टँड नवीन करतेय. मोटरवर वर-खाली होणारं."

"कोणासाठी?"

तुमच्यासाठी, हे सुनेच्या दोन्ही ओठांच्या मध्ये येऊन थांबलं. लकव्याच्या झटक्यानं पाय गेल्यापासून, खुर्चीत बसून जमेल तेवढं काम करा असं ज्याने ज्याने सुचवलं त्याला अण्णांनी उभ्या उभ्या फाडून खाल्लं होतं. बसून काम करतो तो सुतार नव्हे, दुकानातली शोभेची बाहुली, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी म्हणून काही चाललंय असं कळलं असतं, तर त्यांनी हातोड्यानं त्या करवतीचे तुकडे केले असते. म्हणून ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्यासाठी."

"आता कशी बोललीस!" अण्णांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "माझ्या पोराला या दुकानातनं उठवलंस, ऑफिसच्या टेबलाशी नेऊन बसवलंस, तिथं झुरून झुरून मेला तो! आता मी एक उरलोय. मलाही उठव, आणि मग कर राज्य एकटी!"

ती पाना घेऊन पुन्हा नटाशी वाकली. या घरात विधवा म्हणून राहिल्यापासून हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की दुसऱ्या एखादीच्या काळजाला एव्हाना घट्टे पडले असते. हिच्या नाही पडले! दर वेळी ते तेवढंच खोल जायचं, आणि दर वेळी डोळ्यांसमोर दवाखान्यातला तो बाक यायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, लाकडाच्या भुश्शानं फुप्फुसं चाळणी झालीत, आजच्या आज धंदा सोडा. बाहेर येऊन त्या बाकावर नवऱ्यानं तिचा हात घट्ट धरला होता. "अण्णांना हे कळता कामा नये. आपल्याच दुकानाच्या धुळीनं पोरगा गेला हे कळलं, तर ते परत लाकडाला हात लावणार नाहीत… आणि लाकूड सुटलं तर ते जगायचे नाहीत. माझी शपथ आहे तुला!" त्याच संध्याकाळी ती सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली होती, "यांनी दुकान सोडावं असा माझा हट्ट आहे. मला सुताराची बायको म्हणून राहायचं नाही." तो एक क्षण, आणि मग सगळं आयुष्य त्या एका खोट्याच्या पायाशी!

पेला फुटल्याची बातमी नणंदेला पोचायला वेळ लागला नाही. ती आली ती वाऱ्यावर स्वार होऊनच.

"वहिनी, काय आरंभलंयत हे? म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं दुकान उखडता? लाज नाही वाटत?"

"ताई, थोडे दिवस थांबा. एवढं पुरं होऊ दे."

"पुरं होऊ दे म्हणजे? अण्णांना घास जात नाहीय! मी त्यांना माझ्याकडे नेणार. मशीन जाईल भंगारात, दुकानाला लागेल कुलूप, आणि तुम्ही तुमच्या माहेरी जायला मोकळ्या. काय अण्णा?"

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "तिचं ते खेळणं होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मग मी येतो. शेवटचं बघून येतो, काय दिवे लावलेत ते."

झालं! स्टँड पुरं होईल त्या दिवशी तिचं या घरातलं अन्नपाणी संपणार होतं. शहाणी बाई असती तर तिनं काम रेंगाळत ठेवलं असतं. आपली ही! अण्णांना दुपारी डुलकी लागली की ही पाय न वाजवता खुर्चीशी जायची, जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत दोरी धरायची आणि गाठ मारून परत यायची. एकदा त्यांनी झोपेतच मान हलवली, तेव्हा ही दोरी तिथेच टाकून पळाली.

वेल्डरनं लोखंडी अँगलची चौकट जोडून दिली. चारी कोपऱ्यांत आट्यांचे चार रॉड उभे केले, चौघांच्या बुडाशी सायकलची दातेरी चाकं बसवली आणि चौघांना मिळून एकच साखळी घातली, म्हणजे एक फिरला की चारही सारखेच फिरणार. फिरवायला भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा साखळी उतरली, दुसऱ्यांदा मशीन एका अंगाला असं कललं की वेल्डर "वहिनी, बाजूला!" म्हणून किंचाळला. आतून अण्णा ओरडले, "कोसळलं? बरं झालं!" तिनं दातांवर दात रोवून चारही रॉड पुन्हा ओळंब्यात घेतले. हवी तेवढी खाली आली की करवत आपोआप थांबावी म्हणून एक खटका बसवला, आणि भुस्सा ओढून घ्यायला टेबलाखाली एका टाकाऊ पंख्याची नळी जोडली.

मग तो दिवस उजाडला. नणंदेनं अण्णांच्या कपड्यांची पिशवी दारात आणून ठेवली आणि त्यांची खुर्ची ढकलत दुकानात आणली.

"दाखव," अण्णा म्हणाले. "कर तुझं सिंहासन वर."

सुनेनं त्यांची खुर्ची करवतीसमोर सरळ केली आणि बटण दाबलं. मोटर गुरगुरली, साखळी ताठ झाली, आणि… मशीन वर गेलं नाही! ते खाली यायला लागलं. टेबल अण्णांच्या डोक्यावरून खाली, डोळ्यांसमोरून खाली, छातीपर्यंत खाली, आणि टक् असा आवाज करून थांबलं. झटका आल्यापासून ज्या टेबलाकडे त्यांना मान वर करून बघावं लागत होतं, ते टेबल त्यांच्या हातांपुढे येऊन उभं होतं.

"हे… हे तर अण्णांच्या उंचीचं…" नणंद पुटपुटली.

अण्णांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. बराच वेळ ते नुसते लोखंडावर हात फिरवत राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोपर वर उचललं जातंय. एक इंच जास्त आहे."

"दोरीनं माप घेतलं होतं, अण्णा… टेपवर लावून बघितलं होतं…"

"कुठला टेप?"

"नवीन आणला."

"आणि खूण करताना एक मिळवलंस?"

तिनं दचकून आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. या दुकानातल्या मापाच्या लाकडी गजाचं पहिलं इंच अण्णांच्या वडिलांच्या काळातच तुटलेलं होतं, आणि तो गज टाकून देण्याची कुणाची छाती नव्हती. इथं जो कोणी काम शिकला तो खूण करताना एक इंच मिळवायला शिकला. आकडा तिनं टेपवर बरोबर वाचला होता, पण पेन्सिल टेकवताना हात आपला सवयीनं एक इंच पुढे सरकला होता.

"माझा पोरगासुद्धा हेच करायचा," अण्णांचा आवाज घोगरा झाला. "नवा टेप हातात दिला की बोंबललं! जगात दुसरा कुठलाच सुतार ही चूक करणार नाही. या दुकानात घडलेलाच करेल… तुला कोणी शिकवलं? मी तर कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही तुला!"

"उंबऱ्याबाहेरून दिसायचं, अण्णा. तुम्ही काम करताना बघत उभी राहायचे."

अण्णांनी मान फिरवली. त्यांच्या दाढीच्या खुंटांवरून एक थेंब ओघळला. "बघत काय उभी आहेस आता?" ते एकदम खेकसले. "खटका खाली घे तो! आणि ताई, ती पिशवी आत नेऊन ठेव. दारात अडखळायला होतंय."

नणंद डोळ्यांना हात लावत आत गेली. सुनेनं खटका इंचभर खाली घेतला, मग एक स्वच्छ फडकं घडी करून अण्णांच्या नाका-तोंडावर बांधलं.

"हे काय सोंग? जन्मात बांधलं नाही मी!"

"भुस्सा उडतो, अण्णा. नंतर खोकत बसता आणि बोलणी मला खावी लागतात."

ते कुरकुरले, पण त्यांनी फडकं काढलं नाही. करवत घूं करून सुरू झाली. त्यांच्या बोटांनी फळी पुढे सारली आणि पेन्सिलीची रेघ बरोबर दुभंगत पट्टा पलीकडे निघाला. त्यांनी मशीन बंद केलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "एक विचारतो. आज तरी खरं सांग. पोरानं दुकान स्वतःहून सोडलं, की तू सोडायला लावलंस?"

एक वाक्य! एवढ्या वर्षांचा कलंक एका वाक्यात धुऊन निघणार होता, आणि विचारणारा माणूस आज पहिल्यांदा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत होता. तिनं त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या पेरांवर ताजा भुस्सा चिकटला होता आणि त्यातला उजवा अंगठा अजून लाकडाच्या कडेवरून मागे-पुढे फिरत होता.

"मीच सोडायला लावलं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांचा अंगठा कडेवर थांबला. मग त्यांनी दीर्घ श्वास सोडला.

"खरं बोललीस. आज तोंडावर खोटं बोलली असतीस, तर पिशवी उचलून निघालो असतो मी…" त्यांनी आपला सुरकुतलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "जा. माफ केलं तुला."

आणि तिचा बांध फुटला! नवरा गेला तेव्हाही जे कोंडून ठेवलं होतं ते सगळं, त्यांच्या खुर्चीच्या हातावर कपाळ टेकून, ती ओक्साबोक्शी रडून मोकळं करत राहिली.

"रड, रड," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आज प्रथमच माया होती. "पश्चात्ताप होतोय, होऊ दे. त्यानं माणूस हलकं होतं."

"हो, अण्णा," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले, त्यांच्या नाकावरून घसरलेलं फडकं वर ओढून घट्ट बांधलं आणि दुसरी फळी त्यांच्या हातात दिली.