चौदा नंबरचं माहेर

सागरजीव केंद्राच्या माहिती-कक्षात त्या दुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पडद्यावर एक लाल ठिपका किनाऱ्याकडे सरकत होता. जाळ्यात जखमी होऊन महिनाभर इथंच उपचार घेतलेली चौदा नंबरची कासवीण अंडी घालायला निघाली होती.

"पण ती येणार कुठं?" एका आजींनी विचारलं.

केंद्रप्रमुख डॉ. रेगे खुलले. "आजी, पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं, की पहिल्या काही तासांत तिथलं पृथ्वीचं चुंबकत्व त्याच्या मेंदूत उमटतं. हा चुंबकठसा. मोठेपणी मादी तोच शोधत परतते. हिच्या आईचा किनारा समुद्रानं गिळला. म्हणून बारा वर्षांपूर्वी आम्ही तिथली अंडी इथल्या क्षेत्रपिंजऱ्यात उबवली आणि पिल्लांवर खुणा केल्या. पिंजऱ्यात वेळुंड्याच्या सुरक्षित किनाऱ्याचं चुंबकत्व निर्माण केलं होतं. ती वेळुंड्यालाच येणार!"

टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात ठिपका दक्षिणेला वळला, थेट तारकोंडकडे.

"तिच्या पाठीवरचं यंत्र बिघडलं!" रेगे ओरडले.

लोकांना माहिती सांगणाऱ्या हेमांगी तारीला मात्र कारण उमगलं. बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तारकोंडच्या शाळेतल्या मुलांना दाखवायला तिनं पिंजऱ्यातली टोपलीभर अंडी गुपचूप नेली होती. आणि शाळेच्या ओट्यावर, पोरांच्या डोळ्यांदेखत ती फुटली! काय तो कल्ला, काय तो आनंद! संध्याकाळी तिनं पिल्लं पिंजऱ्यात आणून ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं.

"सर, यंत्र ठीक आहे. चुकले मी." तिनं सगळं सांगून टाकलं. "मला काढून टाका, पण आधी तारकोंड गाठू या. तिथं जाळी, कुत्री, दिव्यांचा लखलखाट. एक अंडं वाचायचं नाही!"

रेगे लालबुंद झाले. "तुझं नंतर बघतो. गाडी काढ!"

दिवेलागणीला ते पोचले. किनाऱ्यावर एकही जाळं नव्हतं. कुत्री बांधलेली, दिव्यांवर गोणपाटं टाकलेली. ओळीनं बसलेल्या तरुण मंडळींतून रेश्मा उठली. शाळेच्या ओट्यावर अंडी फुटली तेव्हा ती तिसरीत होती. आता स्वतःची होडी चालवते.

"तुम्हाला कुणी कळवलं?" हेमांगीनं धापा टाकत विचारलं.

"कळवूक कशाक होया? तुमीच सांगितलात ना बाई, जंय जन्माक इला, थंयच परत येतला. आमी दर वर्षाक ह्याच दिवसांत वाट बघतंव."

इतका साधा हिशेब बारा वर्षांत हेमांगीला सुचला नव्हता. तिला रडूच फुटलं.

"श्शऽऽ बाई," रेश्मानं तिचा हात धरला, "ती बघा, इली!"