बिनडोळ्यांचा घोडा

बाबांचा हात मांडीवर असला की अगदी गरीब. पण पाण्याचा पेला घ्यायला निघाला रे निघाला, की असा उसळायचा की पेला थेट भिंतीवर! बसला हात शांत आणि कामाचा हात बेभान, हे कसलं कोडं?

अकरा वर्षांची शाल्मली त्या कोड्यापायी रडकुंडीला आली होती. बाबा सावंतवाडीचे चितारी, लाकडी खेळणी रंगवणारे. विजेचा धक्का बसून त्यांचं हृदय काही मिनिटं थांबलं होतं. तेव्हापासून ते पुनर्वसन केंद्रात (आजारानंतर अंग पुन्हा कामाला लावणाऱ्या दवाखान्यात) होते. उशाशी रंगवायचा अर्धवट राहिलेला लाकडी घोडा. त्यांच्या घरची रीतच होती, डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ज्याने घोडा रंगवला त्यानेच काढायचे.

आज तर झटक्यासरशी बाबा खुर्चीतून पडले. कपाळाला खोक पडली.

"सांजेची गोळी देतेस ना गं?" जखम बांधता बांधता रावजीने विचारलं. रावजी म्हणजे त्या खोलीचा यंत्रमानव.

शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कंपासपेटी उघडली. आत पाच गोळ्या!

"ती घेतली की बाबा नुसते झोपतात हो! घोडा तसाच राहतो. म्हणून..." पोरीला हुंदका आवरेना.

"चूक माझीही आहे," रावजी म्हणाला. "गोळ्यांची रिकामी डबी बघून मी निर्धास्त राहिलो. आता नीट ऐक. मेंदू हाताला दोन निरोप धाडतो, 'उचल' आणि 'आवर'. हृदय थांबून प्राणवायू तुटला तेव्हा 'आवर' म्हणणाऱ्या चेतापेशी (निरोप नेणाऱ्या पेशी) दुबळ्या झाल्या. हात स्वस्थ असला की 'उचल' नाहीच, म्हणून झटकाही फारसा नाही. हात निघाला की मात्र 'उचल'ची नुसती बोंब, आणि आवरायला कुणी नाही."

"आणि गोळी?"

"ती 'आवर'ला बळ देते. पण रक्तातून साऱ्या मेंदूत जाते ना, मग जागेपणालाही आवरते. म्हणून झोप येते. डॉक्टर मात्रा (औषधाचं प्रमाण) हळूहळू चढवतात ती त्यासाठीच. आणि एकदम तोडली की मेंदू दुप्पट उसळतो."

"मी तोडली," शाल्मली म्हणाली. "बाबा पूर्वीसारखे होतील ना?"

"खोटं नाही बोलणार, बाळ. कदाचित नाही."

तिने पाचही गोळ्या रावजीच्या हातात ठेवल्या. मग म्हणाली, "नुसत्या हातालाच आवरणारी गोळी नाही निघणार?"

"निघेल. कुणीतरी शोधायला हवी."

डॉक्टरांनी औषध पुन्हा बेताबेताने सुरू केलं. दोन महिन्यांनी बाबांनी पेला उचलला, अर्धा सांडला. मग कुंचला मागितला. एक डोळा काढला, तो घसरून पार गालावर गेला.

"वाकडा झाला गं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"असू दे, बाबा. एका डोळ्याने दिसतं की त्याला."

बाबांना पेंग येऊ लागली. शाल्मलीने सांजेची गोळी दिली आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग उद्याच्या दुसऱ्या डोळ्यासाठी कुंचला धुऊन ठेवला.