एकाच कठड्याला धरून

त्या दिवशी धरमपेठेतल्या क्लिनिकची लिफ्ट बंद होती आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. मी एका हाताने कठडा धरून वर चढत होते, तो तोच कठडा धरून खाली येत होता. मधल्या पायरीवर आम्ही अडकलो.

"कठडा सोडा ना," मी म्हणाले. "माझं ऑपरेशन ताजं आहे. गुडघ्याचं लिगामेंट."

"माह्यंही तेच. जुनं आहे, पण आज मिनलताईंनी व्यायाम करवून मांड्यांची पार वाट लावली. सोडला अन् पडलो, तं तुम्हालेच उचलावं लागन."

मी हसले... आणि तिथेच फसले!

तो ऋषिकेश, सदर भागातल्या एका क्लबचा फुटबॉलपटू. मी मयुरा, कोराडीची, कबड्डीतली. मिनलताई आमच्या फिजिओथेरपिस्ट. बुधवारी आणि शनिवारी आम्ही शेजारी-शेजारी भिंतीला पाठ लावून बैठका काढायचो. माझा तोल जरा गेला, की त्याचा आवाज यायचा, "मयुरा, गुडघा आत जाऊन राहिला, पाह्य वं." ताईंच्याही आधी त्याला दिसायचं. म्हणजे तो बघत असायचा... बुधवारची वाट मी मंगळवारी सकाळपासूनच बघू लागले होते.

मग त्याची परीक्षा आली. एका पायावर लांब उडी मारायची, ताई जमिनीवरच्या पट्टीवर अंतर मोजणार. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीजवळ पोचली, तरच मैदानावर जायची परवानगी. पहिल्यांदा तो कमी पडला. दुसऱ्यांदाही. त्याने तोंड पाडलं. मी मात्र, खरं सांगते, मनातल्या मनात नाचत होते.

एका संध्याकाळी माझी नी-कॅप क्लिनिकमध्येच राहिली. कोराडीची बस सुटली, आणि खिडकीतून बघते तर ऋषिकेश मागून धावत येतोय! वाटेतली उघडी नाली त्याने एका झेपेत ओलांडली – आणि उतरला तो ऑपरेशनच्याच पायावर. सहज. खिडकीतून नी-कॅप माझ्या हातात देताना त्याला साधा दमही लागला नव्हता.

शनिवारी मी त्याला गाठलं. "काहून गा, परीक्षेत पाय कमी पडते, अन् बसमागे बरा पळते?"

तो खाली बघत म्हणाला, "पास झालो तं इथं कशाले येऊ? मंग तुले कोण सांगन, गुडघा आत जाऊन राहिला म्हणून..."

'नकोच पास होऊस' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पुढच्या रविवारी त्याच्या क्लबची मॅच होती, आणि तिच्यासाठीच तो इतके महिने घाम गाळत होता.

"आज पूर्ण उडी मार," मी म्हणाले. "मी पट्टीपाशी उभी राहते."

त्याने मारली. माझ्यासमोर, अगदी हाताच्या अंतरावर उतरला आणि जरासुद्धा हलला नाही. ताई आनंदाने ओरडल्या. मी भिंतीकडे तोंड करून उगाच टाचा उचलत राहिले.

बुधवारी क्लिनिक भरलेलं होतं, तरी माझ्या शेजारची भिंत रिकामी होती. बैठक काढताना गुडघा आत गेला. कुणीच काही बोललं नाही. घरी जाताना बसमध्ये मी रडले.

रविवारी न राहवून मैदानावर गेले. ताईंच्या सांगण्यावरून त्याला फक्त शेवटी थोडा वेळ उतरवलं. गोल काही झाला नाही, पण तो पळत होता, वळत होता, हसत होता. शिट्टी वाजली, आणि त्याने मला पाहिलं.

आमच्यामध्ये अख्खं मैदान होतं. मला सुसाट पळत जायचं होतं... पण पळायची परवानगी मला अजून नव्हती.

"पळू नको वं!" तो तिकडून ओरडला. "मीच येतो!"

"थांब तिथंच! मी येते."

मी चालत निघाले. खड्डे चुकवत, एकेक पाऊल नीट टाकत. त्याचे मित्र शिट्ट्या मारत होते. तो मात्र जागचा हलला नाही, माझ्या पावलांकडे बघत उभा राहिला.

"लय वेळ लावला," तो म्हणाला.

"तुह्याइतका नाही."

तो लाजला. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मले तू आवडते, मयुरा. तुह्या पळायच्या दिवसापर्यंत मी दर बुधवारी येतो. ताईंनी हाकललं तं जिन्यावर बसतो."

"अन् लिफ्ट बंद असली तं?"

त्याने हात पुढे केला. "मंग कठडा तू घे."

मी त्याचा हात धरला.